आडनाव इंग्रज, वाय-डीएनए आफ्रिकी : १७६२ च्या मागे कसे जावे?

माधव (रॅले)

नमस्कार. माझ्या सासूबाईंचे माहेर नॉर्थ कॅरोलायनातल्या ग्रॅनव्हिल काउंटीचे. घराणे कृष्णवर्णीय आहे, परंतु ते कधीही गुलामीत नव्हते असे सासूबाई ठामपणे सांगतात, आणि आतापर्यंत हाती आलेले कागद त्यांच्याच बाजूने बोलतात. घरातल्या प्रत्येक स्वतंत्र माणसाचे नाव लिहून घेणारी पहिली जनगणना १८५० ची. तीत हे कुटुंब नावनिशीवार सापडते आणि वर्णाच्या रकान्यात सर्वांपुढे मुलॅटो, म्हणजे मिश्रवंशीय, या अर्थाचे अक्षर आहे. त्याआधीच्या जनगणनांत केवळ कुटुंबप्रमुखाचे नाव आणि ‘इतर स्वतंत्र व्यक्ती’ या रकान्यात एक आकडा मिळतो. ग्रॅनव्हिलची १७९० ची जनगणना नष्ट झालेली असल्याने मी करयाद्यांकडे वळलो, आणि १७६२ च्या यादीत या आडनावाचा पहिला पुरुष भेटला. त्याची बायकोही करपात्र म्हणून मोजलेली आहे. शेजारच्या गोऱ्या कुटुंबांतल्या बायका मात्र मोजलेल्या नाहीत, याचे कारण मला उमगले नाही.

घरात पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाणारी हकिगत अशी, की व्हर्जिनियातल्या एका बड्या इंग्रज जमीनदाराला दासीपासून मुलगा झाला, आणि त्याने त्या मुलाला स्वातंत्र्य, जमीन व स्वतःचे आडनाव दिले. ही हकिगत पडताळावी म्हणून मामेसासऱ्यांची वाय-डीएनए चाचणी करवली. वाय गुणसूत्र बापाकडून मुलाकडे जवळजवळ जसेच्या तसे उतरते, त्यामुळे तिथे युरोपीय वंशगट निघेल अशी सर्वांची खात्री होती. निघाला ई-एम२, म्हणजे पश्चिम व मध्य आफ्रिकेत सर्वांत जास्त आढळणारा गट. सासूबाई दोन दिवस माझ्याशी तुटक बोलत होत्या.

मग हे इंग्रज आडनाव आले कुठून? जमीनदाराची गोष्ट खोटी मानायची, की मध्येच एखादी पिढी दत्तक आली असे समजायचे? व्हर्जिनियातल्या एका काउंटी कार्यालयाला फोन केला, तेव्हा ‘त्या काळी असल्या लोकांच्या नोंदी कुणी ठेवत नसे’ असे उत्तर मिळाले. आमच्या स्वतःच्या घराण्याच्या सात पिढ्या त्र्यंबकेश्वरी उपाध्यायांच्या वहीत एका दुपारीत सापडल्या होत्या, त्यामुळे इथली ही कोंडी मला फारच जाणवते आहे.

दप्तरवेडा

माधवराव, प्रथम त्या फोनवरच्या उत्तराविषयी. ते साफ चुकीचे आहे. वसाहतकालीन व्हर्जिनियात साध्या गोऱ्या शेतकऱ्याचे नाव न्यायालयाच्या दप्तरात आयुष्यात दोनचारदा आले तर आले. स्वतंत्र मिश्रवंशीय कुटुंब मात्र कायद्याच्या नजरेत सतत खुपत असल्यामुळे त्याच्या नोंदी पुष्कळदा अधिकच सापडतात. फक्त त्या विवाहनोंदीत किंवा मृत्युपत्रांत नसून खटल्यांत आणि दंडाच्या हुकुमांत असतात.

आता आडनावाचा प्रश्न. तुमच्या उपाध्यायांच्या वहीत सातही पिढ्या पुरुषांच्याच असणार, आणि त्या सवयीने तुम्ही इथेही मूळ पुरुष शोधत आहात. त्याऐवजी मूळ स्त्री शोधावी असे मी सुचवेन, आणि ती स्त्री बहुधा गोरी असेल, इंग्लंडहून किंवा आयर्लंडहून आलेली, कराराने बांधलेली नोकराणी असेल.

याचे कारण १६६२ च्या कायद्यात आहे. आई गुलाम असेल तर मूल गुलाम आणि आई स्वतंत्र असेल तर मूल स्वतंत्र, असे व्हर्जिनियाच्या विधिमंडळाने त्या वर्षी ठरवले. इंग्लंडमध्ये मूल बापाचा दर्जा घेत असे, आणि एलिझाबेथ की या मिश्रवंशीय स्त्रीने आपला बाप इंग्रज असल्याचा आधार घेऊन १६५६ मध्ये स्वातंत्र्य मिळवलेही होते. १६६२ ने ती वाट बुजवली. म्हणजेच जमीनदाराला दासीपासून झालेले मूल जन्मतःच गुलाम. त्याला मुक्त करावे म्हटले, तर १६९१ पासून मुक्त केलेल्या माणसाला सहा महिन्यांच्या आत वसाहतीबाहेर पाठवण्याचा खर्च मालकावर पडत असे, आणि १७२३ पासून तर गव्हर्नर व त्याच्या मंडळाने विशेष कामगिरी मान्य केल्याशिवाय मुक्तता होतच नसे. मालकाला आपल्या मर्जीने दस्त करून मुक्तता देण्याची मोकळीक मिळाली ती १७८२ मध्ये. तुमचा माणूस १७६२ मध्येच घरदार थाटून कर भरतो आहे, तेव्हा जमीनदाराची हकिगत अशक्य नसली तरी फार दुर्मिळ ठरते.

उलट बाजूने पाहा. गोऱ्या नोकराणीला आफ्रिकी पुरुषापासून मूल झाले, तर ते स्वतंत्र. तिचे त्या पुरुषाशी लग्न कायद्याने होऊ शकत नसल्याने मूल आईचे आडनाव लावणार, आणि मुलगा असेल तर त्याच्याकडे इंग्रज आडनावासोबत बापाचे आफ्रिकी वाय गुणसूत्र येणार. तुमच्या चाचणीचा निकाल अगदी असाच आहे, त्यामुळे दत्तकाची कल्पना करण्याची मुळीच गरज नाही. वंशावळींचे अभ्यासक पॉल हायनेग यांनी व्हर्जिनिया व कॅरोलायनांतल्या शेकडो स्वतंत्र घराण्यांची न्यायालयीन दप्तरे चाळून हेच दाखवले आहे, की वसाहतकाळात स्वतंत्र झालेल्या बहुतेक घराण्यांचा उगम गोऱ्या स्त्रियांपाशी पोहोचतो. जमीनदाराची गोष्ट मात्र जवळजवळ प्रत्येक घरात सांगितली जाते, कारण दंड झालेल्या नोकराणीपेक्षा ती ऐकायला बरी वाटते.

अशा स्त्रीची नोंद कुठे मिळेल, हे १६९१ चा कायदा वाचला की कळते. मिश्रवंशीय मूल झालेल्या गोऱ्या स्त्रीने महिन्याच्या आत पंधरा पौंड दंड चर्चवॉर्डनकडे, म्हणजे पॅरिशचा (एका चर्चच्या हद्दीतल्या भागाचा) कारभार पाहणाऱ्याकडे भरायचा. न भरल्यास पाच वर्षांसाठी तिची सेवा विकली जाई, आणि ती आधीच नोकराणी असल्यास ती पाच वर्षे मूळ करार संपल्यावर सुरू होत. दंडाचा एक तृतीयांश वाटा राजाकडे, एक पॅरिशला आणि एक खबर देणाऱ्याला मिळे. खबऱ्याचा हा वाटा लक्षात ठेवण्यासारखा आहे, कारण त्यामुळेच अशी प्रकरणे दडून राहत नसत. मुलाला चर्चवॉर्डन तीस वर्षांचे होईपर्यंत कुणाच्या तरी घरी कामाला बांधून देत. १७०५ मध्ये ते वय एकतीस झाले, आणि १७२३ मध्ये तर अशा बांधलेल्या मुलीला त्या काळात मूल झाले, तर त्यानेही तितकीच वर्षे राबावे असा नियम झाला. एकाच घराण्याच्या तीन तीन पिढ्या या साखळीत अडकल्या, आणि प्रत्येक कडीला न्यायालयाचा एक हुकूम झाला. म्हणून काउंटीची ऑर्डर बुके, म्हणजे न्यायालयाच्या हुकुमांच्या वह्या, पाहा. नोंद एका ओळीची असते : अमक्या पॅरिशच्या चर्चवॉर्डननी अमकीच्या मुलाला कायद्याप्रमाणे बांधून द्यावे. बापाचे नाव तीत क्वचितच असते.

बायकोवरच्या कराचे कोडेही यातच सुटते. नॉर्थ कॅरोलायनात गोरे पुरुष सोळाव्या वर्षापासून करपात्र होत आणि गोऱ्या स्त्रिया कधीच होत नसत. मिश्रवंशीय कुटुंबात मात्र बारा वर्षांपुढील पुरुष आणि स्त्रिया दोघेही मोजले जात. जुलमी कर होता खरा, पण त्यापायी बायका-मुलींची नावे यादीत आली.

तुम्ही ग्रॅनव्हिलहून उत्तरेला जा. ग्रॅनव्हिल १७४६ मध्ये एजकोंब काउंटीमधून निघाली, आणि तिथे वस्ती करणारे बरेच लोक सीमेपलीकडच्या दक्षिण व्हर्जिनियातून आले होते. ब्रन्सविक काउंटीची ऑर्डर बुके १७३२ पासूनची आहेत. सुरुवात तिथून करा, मग लुनेनबर्ग पाहा. ग्रॅनव्हिलमधली १७५४ ची कर्नल विल्यम ईटनच्या पलटणीची हजेरीही सोडू नका; तीत काही सैनिकांच्या नावापुढे वर्णाचा उल्लेख आहे.

शुभदा

वरील उत्तराशी मी सहमत आहे. फक्त एक सावधगिरी सुचवते. आडनाव, वाय-डीएनए आणि भूगोल जुळले म्हणजे वंशावळ सिद्ध झाली, असे मानू नये. बंच घराण्याचे उदाहरण पाहावे. जॉन पंच नावाचा आफ्रिकी नोकर १६४० मध्ये दोन युरोपीय नोकरांसह मेरीलँडकडे पळाला. तिघेही पकडले गेले, त्या दोघांची सेवा चार वर्षांनी वाढली आणि पंचला मात्र जन्मभर राबण्याची शिक्षा झाली. पुढे व्हर्जिनियात बंच आडनावाचे एक मिश्रवंशीय कुटुंब दिसू लागते. १७०५ मध्ये जॉन बंच या मुलॅटो म्हटलेल्या पुरुषाचे गोऱ्या सारा स्लेडनशी लग्न लावण्यास पाद्र्याने नकार दिला, आणि ते प्रकरण गव्हर्नरच्या मंडळापर्यंत गेले. या घराण्याच्या गोऱ्या समजल्या जाणाऱ्या वंशजांच्या वाय-डीएनएमध्ये आफ्रिकी गट निघाला. २०१२ मध्ये बराक ओबामांच्या आईचा वंश बंच घराण्यामार्फत जॉन पंचपर्यंत जात असावा, असे संशोधकांनी जाहीर केले.

यात बंचपर्यंतचा भाग कागदांवर उभा आहे, पण पंच आणि बंच यांना जोडणारा कागद नाही. न्यू केंट काउंटीचे त्या काळचे दप्तर नष्ट झाले आहे. संशोधकांनी स्वतःच ‘असावा’ हा शब्द वापरला होता, वर्तमानपत्रांच्या मथळ्यांत तो गळाला. माधवराव, आपल्या टिपणवहीत ‘आहे’ आणि ‘असावा’ यांच्यासाठी दोन वेगळ्या रंगांची शाई ठेवा. हे मी गमतीने म्हणत नाही. माझ्या वहीत तसे नव्हते आणि दोन वर्षांचे काम मला पुन्हा करावे लागले.

माधव (रॅले)

आपणा दोघांचे मनापासून आभार. सासूबाईंना १६९१ चा कायदा वाचून दाखवला. त्या बराच वेळ गप्प होत्या, मग म्हणाल्या, ‘पंधरा पौंड त्या पोरीने आणायचे कुठून?’

ब्रन्सविकची मायक्रोफिल्म मागवली आहे. दरम्यान आणखी दोन धागे विचारतो. एक मावससासूबाई म्हणतात की मूळ पुरुष पोर्तुगीज होता. आणि पत्नीच्या साध्या डीएनए चाचणीत एक टक्का दक्षिण आशियाई अंश दाखवला आहे, त्यावरून माझ्या पुण्याच्या भावंडांनी तिला ‘आपलीच’ म्हणून जाहीर करून टाकले आहे. यात काही तथ्य असू शकेल का?

नकुल

असू शकेल, पण भावंडांनी पेढे वाटण्याची घाई करू नये. व्हर्जिनिया-मेरीलँडच्या चेसापीक उपसागराच्या किनाऱ्यावर हिंदुस्थानातून नेलेले नोकर खरोखरच होते. १६३५ मध्ये जॉर्ज मेनेफी या जमीनदाराने ज्या माणसांना आणल्याबद्दल जमीन मिळवली, त्यांच्या यादीत ‘टोनी, ईस्ट इंडियन’ असे नाव आहे. पुढे अठराव्या शतकाच्या सुरुवातीला लँकेस्टर काउंटीच्या न्यायालयात वीव्हर आडनावाचे ईस्ट इंडियन नोकर दिसतात, आणि त्यांचे वंशज स्वतंत्र मिश्रवंशीय समाजात मिसळून गेले. ही माणसे हिंदुस्थानातल्या कोणत्या बंदरातून निघाली, हे असल्या नोंदींत लिहिलेले नसते. कारकुनाला तेवढी चौकशी करावीशी वाटत नसे. दोन पिढ्यांनी तोच कारकून त्यांच्या नातवंडांना मुलॅटो लिहू लागे. हा शब्द व्हर्जिनियात वंशशास्त्राचा नव्हता, तो कायद्याचा होता; १७०५ च्या व्याख्येत अमेरिकी आदिवासीचे मूलही मुलॅटोच ठरत असे.

परंतु एक टक्का हा आकडा फार लहान आहे. चाचणी कंपनीने तुलनेसाठी वापरलेले आपले नमुने बदलले की असा अंश पुढच्या वर्षी नाहीसाही होतो. शिवाय १७१९ ते १७२१ या काळात मादागास्करहून गुलामांची जहाजे व्हर्जिनियात आली होती, आणि मलागासी लोकांत आग्नेय आशियाई अंश मोठा असल्यामुळे ‘आशियाई’ दिसणारा प्रत्येक तुकडा हिंदुस्थानचा नसतो. हाच तुकडा सासूबाईंच्या भावंडांत आणि दूरच्या चुलत नातेवाइकांत गुणसूत्राच्या त्याच जागी येतो का, ते पाहावे. नसल्यास सोडून द्यावा.

पोर्तुगीज गोष्टीचे दोन उगम संभवतात. सतराव्या शतकात अंगोलातून आलेल्या अनेकांची नावे पोर्तुगीज होती. नॉर्थॅम्प्टन काउंटीतला इमॅन्युएल ड्रिगस हा मुळात रोड्रिगेज, आणि ड्रिगर्स हे घराणे त्याचेच. तेव्हा एखाद्या घरात ती आठवण खरी असू शकते. दुसरे कारण अधिक व्यवहारी आहे. नॉर्थ कॅरोलायनाने १८३५ मध्ये स्वतंत्र कृष्णवर्णीयांचा मताधिकार काढून घेतला, व्हर्जिनियात तर काउंटीच्या कारकुनाकडे उंची, वर्ण आणि अंगावरचे व्रण लिहवून नोंदणी करावी लागत असे. अशा दिवसांत ‘आम्ही पोर्तुगीज’ एवढे म्हणण्याने सावळ्या रंगाचा खुलासा होत असे आणि पुढचे प्रश्न टळत. तुमच्या घराण्याचे आडनाव इंग्रज आहे, म्हणून मी दुसऱ्या कारणाकडे झुकतो.

माधव (रॅले)

फिल्म आली. सलग तीन शनिवार बसलो. अक्षर बारीक, शब्दाच्या मधला ‘एस’ ‘एफ’सारखा लांबवलेला आणि शाई मागच्या पानातून फुटलेली, त्यामुळे पहिल्या दिवशी सहा पानांपुढे सरकलो नाही. तिसऱ्या शनिवारी फेब्रुवारी १७४१ च्या कामकाजात आमचे आडनाव आले : एका स्त्रीचा मुलगा चर्चवॉर्डननी बांधून द्यावा असा हुकूम आहे. मुलाचे पहिले नाव १७६२ च्या ग्रॅनव्हिलमधल्या पुरुषाचेच आहे. स्त्रीच्या नावापुढे वर्ण लिहिलेला नाही. आम्ही तिलाच ती गोरी नोकराणी समजलो, पण हिशेब बसत नाही. मूल त्या वेळी तान्हे होते असे धरले, तरी एकतीस वर्षे म्हणजे १७७२ पर्यंत ते बांधलेले असायला हवे. मग ते दहा वर्षे आधीच कॅरोलायनात कुटुंबप्रमुख कसे?

दप्तरवेडा

आधी तारीख दुरुस्त करा. १७५२ पूर्वी इंग्रजी वसाहतींत नवे वर्ष २५ मार्चला सुरू होत असे, त्यामुळे तुमचा फेब्रुवारी १७४१ हा आपल्या हिशेबाने बहुधा फेब्रुवारी १७४२ आहे. आधीच्या बैठकीचा महिना आणि वर्ष पाहिले की खात्री होईल. याने अडचण सुटत नाही, उलट एका वर्षाने वाढते.

अडचण सोडवणारी गोष्ट त्या हुकुमातच असावी. एकतीस वर्षांचे बंधन सरसकट नव्हते. आई गोरी असेल, किंवा आई स्वतःच अशा बंधनात असेल, तर मुलाला एकतीस. आई स्वतंत्र मिश्रवंशीय असेल, तर तिच्या मुलाला कोणत्याही गरीब अनौरस मुलाप्रमाणे बांधून देत, म्हणजे मुलगा एकवीस वर्षांपर्यंत आणि मुलगी अठरा वर्षांपर्यंत. त्यामुळे वर्ण लिहिलेला नसला, तरी वयाचा आकडा पुष्कळदा आईचा दर्जा सांगतो. नोंदीत आकडा आहे, की नुसते ‘कायद्याप्रमाणे’ म्हटले आहे? पुन्हा एकदा पाहा, आणि पुढची दोन पाने पाहा. करारनामा वेगळा उतरवलेला असतो.

माधव (रॅले)

पाहिले. हुकुमाच्या पुढच्या ओळीत, समासाला चिकटून, अक्षरात आकडा आहे, आणि मी तो दोन वेळा ओलांडून गेलो होतो : एकवीस. अवघ्या चार वर्षांचा मुलगा, असेही त्याच ओळीत आहे.

दप्तरवेडा

मग सगळे जुळले. मुलगा १७३८ च्या सुमाराचा, १७५९ च्या सुमारास सुटला, आणि तीन वर्षांनी ग्रॅनव्हिलच्या यादीत बायकोसह आला. तो आणि हा एकच असावा. शुभदाताईंची दुसऱ्या रंगाची शाई अजून वापरा, कारण त्याच नावाचा चुलतभाऊ निघू शकतो.

परंतु ही स्त्री तुमची गोरी नोकराणी नव्हे. ती स्वतः मिश्रवंशीय असून १७३८ च्या सुमारास, मुलाच्या जन्माआधीच, स्वतंत्र झालेली होती. तिने एकतीस वर्षे भरली असतील, तर तिचा जन्म १७०७ च्या अलीकडे आणता येत नाही, आणि त्या वेळी ब्रन्सविकमध्ये न्यायालयच नव्हते. म्हणजे दंड झालेली ती गोरी स्त्री तिची आई असावी, आणि ती पूर्वेकडच्या एखाद्या जुन्या काउंटीत असणार. प्रिन्स जॉर्ज काउंटीचे बरेचसे दप्तर नष्ट झाले आहे, म्हणून तिथे वेळ घालवू नका. सरी काउंटीचे दप्तर १६५२ पासून आहे. आधी ते पाहा. १६९१ ते १७०७ एवढीच वर्षे. आडनाव तेच असेल. स्पेलिंग मात्र प्रत्येक कारकुनाचे वेगळे असेल, तेव्हा नाव उच्चारून वाचा.

माधव (रॅले)

सरीची पहिली फिल्म मागवली. या वेळी सासूबाई स्वतः शेजारी बसणार आहेत.